मॅकवर सिरियल पोर्ट शोधण्याचा इतिहास

मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डात प्रोग्रॅम भरण्याला आज सर्रास ‘बोर्ड फ्लॅश करणे’ म्हणतात. बोर्ड केबलने मॅकला जोडला की पहिला प्रश्न येतो तो पोर्टचा: बोर्ड नेमका कोणत्या सिरियल पोर्टवर आला आहे? हा प्रश्न वाटतो तितका जुना नाही. १९८४ ते १९९८ या काळातल्या बहुतेक मॅकना दोन सिरियल पोर्ट असत. दोन्ही मागच्या बाजूला, दोन्हींवर ओळखीची चित्रे. केबल खोचणाऱ्याला पोर्ट कोणता हे वेगळे विचारावे लागत नसे. पोर्ट शोधायची वेळ आली ती यंत्रावरून पोर्टच काढून टाकल्यावर.

एकाच तारेवरून एकामागून एक बिट धाडायचे, ही सिरियल पद्धत संगणकाहून जुनी आहे. ती तारायंत्राकडून आली, आणि वेगाचे ‘बॉड’ हे एकक एमिल बोदो या फ्रेंच तारायंत्र-अभियंत्याच्या नावावरून पडले. १९६३ साली बाजारात आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र ११० बॉडने चाले. प्रत्येक अक्षरासाठी ११ बिट लागत: सुरुवातीचा एक, अक्षराचे आठ आणि शेवटचे दोन. म्हणजे सेकंदाला १० अक्षरे. शेवटी दोन बिट मोकळे सोडले जात ते यंत्रातल्या दांड्या आणि चाके पुढच्या अक्षरासाठी जागेवर यावीत म्हणून. आजच्या बोर्डात हलणारा एकही भाग नाही, तरी सुरुवातीचा आणि शेवटचा बिट तिथेही आहेतच. फक्त शेवटचा आता एकच पुरतो.

टर्मिनल आणि मोडेम यांना जोडणाऱ्या तारांवर काय असावे, याचे मानक अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० मध्ये ठरवले. तेच आरएस-२३२, त्याची १९६९ ची ‘सी’ आवृत्ती पुढे जगभर रूढ झाली. या मानकात उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०, असा उफराटा वाटणारा हिशेब आहे. पण पुढच्या कथेसाठी व्होल्टेजपेक्षा बाजूच्या तारा महत्त्वाच्या. टर्मिनल चालू आहे हे मोडेमला कळवणारी तार म्हणजे डेटा टर्मिनल रेडी, म्हणजेच डीटीआर. पलीकडून फोन लागला आणि वाहक लहर मिळाली, हे मोडेमने टर्मिनलला कळवायचे ते डेटा कॅरियर डिटेक्ट या तारेवरून. तिचे छोटे नाव डीसीडी. माहिती पाठवण्याची परवानगी मागणारी तार आरटीएस. यांपैकी डीटीआर आणि आरटीएस आजच्या बोर्डांवर भलत्याच कामाला लागल्या आहेत.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिली, तेव्हा तिच्यापुढे बसायचे ते टेलिटाइपवर. युनिक्समध्ये प्रत्येक उपकरण फाइलच्या रूपाने ‘डेव्ह’ या डिरेक्टरीत दिसते, म्हणून टर्मिनलच्या फाइलींना ‘टीटीवाय’ हे नाव मिळाले. मोडेम आले तशी एक अडचण उभी राहिली. बाहेरून कोणी फोन करून आत येणार असेल, तर संगणकाने फोन लागेपर्यंत, म्हणजे डीसीडी येईपर्यंत, गप्प थांबायला हवे. संगणकालाच बाहेर फोन लावायचा असेल, तर थांबून कसे चालेल? मोडेमला नंबर सांगायचा तो डीसीडी येण्याआधीच. दुसऱ्या यंत्राला फोन लावण्यासाठी युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘सीयू’ नावाचा प्रोग्रॅम होता. पुढे काही युनिक्स प्रणालींत एकाच पोर्टला दोन फाइली देण्याची प्रथा पडली: आत येणाऱ्यांसाठी थांबणारी आणि बाहेर जाणाऱ्यांसाठी लगेच उघडणारी. मॅकवर या जोडीतल्या दुसरीच्या नावात ‘सीयू’ आहे.

२४ जानेवारी १९८४ रोजी आलेल्या मॅकिंटॉशचा मात्र युनिक्सशी काही संबंध नव्हता. त्यात झायलॉगची ८५३० ही दोन वाहिन्यांची सिरियल चिप होती आणि मागे नऊ पिनांचे दोन पोर्ट. एकावर टेलिफोनचे चित्र, दुसऱ्यावर प्रिंटरचे. ॲपलने आरएस-२३२ ऐवजी आरएस-४२२ घेतले. यात प्रत्येक संकेत एका तारेऐवजी तारांच्या जोडीवरून जातो, त्यामुळे लांबी आणि वेग दोन्ही वाढवता येतात. याच पोर्टवरून नंतर लोकलटॉक हे जाळे सेकंदाला २,३०,४०० बिट या वेगाने चालले, आणि १९८५ चा लेसररायटर अनेक मॅकना मिळून वापरता आला. आरएस-२३२ चे उपकरण जोडायचे असेल तर जोडीतली एक तार ग्राउंडला बांधून काम भागे.

पहिल्या मॅकिंटॉशच्या पोर्टवर ५ आणि १२ व्होल्टची वीजही मिळत असे. जानेवारी १९८६ च्या मॅक प्लसमध्ये नऊ पिनांच्या जागी आठ पिनांचा गोल मिनी-डिन पोर्ट आला आणि ही वीज गेली. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आरएस-२३२ मध्ये डीटीआर आणि आरटीएस या स्वतंत्र तारा. मॅकच्या गोल पोर्टवर बाहेर जाणारी इशाऱ्याची तार एकच. मोडेमला तेवढी पुरे होती. पुढे ज्या बोर्डांना दोन्ही लागल्या, ते या पोर्टच्या नशिबी आलेच नाहीत.

सॉफ्टवेअरच्या बाजूने पाहिले तर जुन्या मॅक ओएसमध्ये पोर्टला ए आणि बी अशी दोन अक्षरे होती. ए म्हणजे मोडेम, बी म्हणजे प्रिंटर. आणि प्रत्येकाला आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या माहितीसाठी वेगळा ड्रायव्हर. वापरणाऱ्याला हे काही दिसत नसे. प्रोग्रॅममध्ये दोन चित्रे समोर येत, त्यांतले एक निवडायचे. फसगत व्हायची ती एकाच ठिकाणी: ॲपलटॉक ही ॲपलची जाळ्याची यंत्रणा चालू असेल तर प्रिंटरचा पोर्ट जाळ्याच्या ताब्यात असे आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला मिळत नसे. उपाय दोन: ॲपलटॉक बंद करणे, नाहीतर केबल काढून मोडेमच्या पोर्टला लावणे.

त्या काळीही मॅकवरून बोर्डात प्रोग्रॅम भरले जात. एमआयटीमध्ये विद्यार्थ्यांच्या रोबो-स्पर्धेतून वाढलेला आणि फ्रेड मार्टिन यांनी घडवलेला हँडी बोर्ड हे १९९० च्या दशकातले ठळक उदाहरण. त्यात मोटोरोलाचा ६८एचसी११ हा मायक्रोकंट्रोलर होता आणि त्याची इंटरॲक्टिव्ह सी ही भाषा मॅकवरही चालत असे. बोर्डापासून एका छोट्या जोड-बोर्डापर्यंत टेलिफोनची साधी वायर, तिथून पुढे सिरियल केबल. ६८एचसी११ ला विशिष्ट अवस्थेत रीसेट केले की तो सिरियल तारेवर कान लावून बसे, १२०० बॉडने येणारे २५६ बाइट आपल्या स्मृतीत घेई आणि तेच चालवू लागे. ते २५६ बाइट म्हणजे एक इवलासा भरणी-प्रोग्रॅम. बाकीचा मोठा ऐवज मग तो स्वतः ओढून घेई. बोर्डावरची ३२ किलोबाइटची रॅम बॅटरीवर जिवंत राही. फ्लॅश स्मृती इथे नव्हतीच, पण आधी छोटा बूटलोडर आणि मग खरा प्रोग्रॅम ही आजची रीत तिथे पूर्ण रूपात दिसते.

मे १९९८ मध्ये जाहीर झालेला आणि १५ ऑगस्टला विक्रीस आलेला आयमॅक हा या इतिहासात खंड पाडणारा क्षण. ॲपलने त्यातून फ्लॉपी काढली, स्कझी काढले, जुन्या कीबोर्डचा एडीबी काढला आणि दोन्ही सिरियल पोर्टही काढले. उरले यूएसबी. फ्लॉपी गेल्याची हळहळ सर्वांनी केली. सिरियल पोर्ट गेल्याची झळ मोजमापाची यंत्रे, मिडी आणि प्रयोगशाळेतली उपकरणे वापरणाऱ्यांना अधिक लागली. जानेवारी १९९९ च्या निळ्या-पांढऱ्या पॉवर मॅक जी३ मध्येही सिरियल पोर्ट नव्हते. मग कीस्पॅनसारख्या कंपन्यांचे यूएसबी-सिरियल ॲडॅप्टर घराघरांत आले.

फरक केवळ सॉकेटच्या आकाराचा नव्हता. जुना पोर्ट केबल असो वा नसो, जागेवर असे. यूएसबीवर काहीच कायमचे नसते. उपकरण जोडले की यंत्रणा त्याला विचारते, तू कोण? उपकरण आपला उत्पादक-क्रमांक आणि वस्तू-क्रमांक सांगते. त्यावरून उपकरणाला ओळखणारा किंवा त्याच्या वर्गाचा ड्रायव्हर सापडला तरच सिरियल पोर्ट जन्माला येतो, आणि केबल ओढली की नाहीसा होतो. त्यामुळे ‘पोर्ट दिसत नाही’ ही तक्रार १९९८ आधीच्या मॅकवर फारशी संभवतच नव्हती.

जन्मलेल्या पोर्टला नाव देण्याची पद्धत दुसऱ्याच वाटेने आली. ॲपलने १९९६ च्या डिसेंबरमध्ये नेक्स्ट ही कंपनी घेण्याचे जाहीर केले आणि तिच्या युनिक्स-वंशाच्या प्रणालीवर मॅक ओएस एक्स उभारली, १०.० ही आवृत्ती २४ मार्च २००१ रोजी आली. तिच्याबरोबर डेव्ह डिरेक्टरी मॅकवर आली, आणि प्रत्येक सिरियल उपकरणाला ‘टीटीवाय’ आणि ‘सीयू’ अशी जुळी नावेही. तेव्हाच्या मॅकमध्ये ५६ किलोबिटचा अंतर्गत मोडेम असल्याने ही सोय गैरलागू नव्हती. बोर्डवाल्यांना मात्र ती चांगलीच नडली. साध्या बोर्डाला डीसीडी ही तार माहीतच नसते. ‘टीटीवाय’ उघडणारा प्रोग्रॅम कधी न येणाऱ्या वाहक लहरीची वाट पाहत अडकून पडू शकतो. म्हणून मॅकवर बोर्डासाठी नेहमी ‘सीयू’च घ्यावे. आर्डुइनोच्या जुन्या आवृत्त्यांच्या मेनूत दोन्ही नावे एकाखाली एक दिसत, आणि नवशिक्याला त्यांतला भेद कळायला काही मार्ग नसे.

आर्डुइनोचा जन्म इटलीतल्या इव्रेया गावी, तिथल्या इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत, २००५ साली झाला. ऑलिव्हेट्टीच्या टाइपरायटरमुळे नाव कमावलेले हे गाव. मास्सिमो बान्झी, डेव्हिड क्वार्टिएयेस, टॉम आयगो, जानलुका मार्टिनो आणि डेव्हिड मेलिस यांनी हा प्रकल्प उभा केला. त्यामागे त्याच संस्थेत एर्नांदो बारागान यांनी २००३ मध्ये केलेल्या वायरिंग या बोर्डाचा पाया होता, हे पुष्कळदा विसरले जाते. कलावंत आणि डिझाइनचे विद्यार्थी हा आर्डुइनोचा वापरकर्तावर्ग, आणि या वर्गाच्या हातात मॅक असण्याची शक्यता मोठी. सुरुवातीच्या बोर्डावर आरएस-२३२ चा नऊ पिनांचा पोर्ट होता. मॅकवर तो लावायला ॲडॅप्टर आलाच. लवकरच ॲडॅप्टरमधली चिपच बोर्डावर बसवली गेली: ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची एफटी२३२. एका बाजूने ती यूएसबी बोलते आणि दुसऱ्या बाजूने मायक्रोकंट्रोलरशी साध्या सिरियल तारांवर.

तरीही प्रोग्रॅम भरताना रीसेटचे बटण नेमक्या क्षणी दाबावे लागे. रीसेटनंतर बूटलोडर थोडा वेळच नव्या प्रोग्रॅमची वाट पाहतो. बटण लवकर दाबले किंवा उशिरा, तर भरणी फसते. २००७ च्या डायचिमिला बोर्डाने ही कटकट एका १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरने संपवली. तो एफटी२३२ ची डीटीआर तार आणि मायक्रोकंट्रोलरची रीसेट पिन यांच्यामध्ये बसवला. मॅकने पोर्ट उघडला की प्रणाली जुन्या सवयीने डीटीआर सक्रिय करते, मोडेमला ‘मी चालू आहे’ हे कळवण्यासाठी. कपॅसिटर त्या बदलाचा क्षणभराचा झटका करून रीसेटला देतो आणि बूटलोडर जागा होतो. पलीकडे मोडेम नाही, तरी त्याच्यासाठीचा शिष्टाचार कामी आला. याचा दुष्परिणामही सर्वांच्या ओळखीचा: नुसते संदेश वाचायला पोर्ट उघडला तरी बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

नावे इथून पुढे निरनिराळी झाली. एफटीडीआयच्या चिपमध्ये स्वतःचा अनुक्रमांक असतो, म्हणून ‘सीयू.यूएसबीसिरियल-’ यापुढे तो क्रमांक येतो आणि बोर्ड कोणत्याही सॉकेटला लावला तरी नाव तेच राहते. २०१० च्या ऊनो बोर्डाने एफटी२३२ काढून तिच्या जागी ॲटमेगा८यू२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर घातला. तो स्वतःची ओळख यूएसबीच्या प्रमाणित ‘दळणवळण’ वर्गातला मोडेम अशी करून देतो. त्या वर्गाचा ड्रायव्हर मॅकमध्ये आधीपासून असल्याने वेगळे काही बसवावे लागत नाही. पण नाव येते ‘सीयू.यूएसबीमोडेम’ आणि पुढे सॉकेटच्या जागेवरून ठरणारा आकडा. तोच बोर्ड एका सॉकेटमध्ये १४११ तर दुसऱ्यात १४२१. काल चाललेली आज्ञा आज ‘असे उपकरण नाही’ म्हणते, ती पुष्कळदा एवढ्याच कारणाने.

त्यानंतर स्वस्त चिपांचा काळ आला: तैवानच्या प्रोलिफिकची पीएल२३०३, अमेरिकेच्या सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०२ आणि चीनच्या डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच३४०. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळणाऱ्या ऊनोच्या स्वस्त नकलांवर हमखास सापडते ती सीएच३४०. प्रत्येकीचा ड्रायव्हर उत्पादकाचा, आणि प्रत्येकाची नाव देण्याची तऱ्हा वेगळी. सिलिकॉन लॅब्जचा ड्रायव्हर ‘स्लॅब’ने सुरू होणारे नाव देई, डब्ल्यूसीएचचा ‘डब्ल्यूसीएचयूएसबीसिरियल’. एफटीडीआयलाही बनावट चिपांनी घेरले होते. २०१४ मध्ये तिच्या विंडोजच्या नव्या ड्रायव्हरने बनावट चिपांचा वस्तू-क्रमांक शून्य करून टाकला आणि त्या ओळखेनाशा झाल्या. शिक्षा झाली ती नकली माल बनवणाऱ्याला नव्हे, तर अजाणता विकत घेणाऱ्याला.

मॅकवर अडचण निराळी होती. ड्रायव्हर तेव्हा कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, शिरे आणि कर्नलचे दरवाजे ॲपल वर्षागणिक बंद करत गेली. २०१४ च्या योसेमिटी या मॅक ओएसच्या आवृत्तीने सही नसलेले ड्रायव्हर नाकारले. सीएच३४० चा तेव्हाचा ड्रायव्हर बिनसहीचा असल्याने लोक ते बंधनच उठवून बसत. २०१५ च्या एल कॅपिटनने प्रणालीच्या संरक्षणाचा आणखी एक थर दिला. २०१६ च्या सिएरावर जुना सीएच३४० ड्रायव्हर असताना बोर्ड जोडताच अख्खा मॅक कोसळून पुन्हा सुरू होई. २०१७ च्या हाय सिएरापासून नव्या ड्रायव्हरला सेटिंगमध्ये जाऊन स्पष्ट परवानगी देणे भाग पडले. दुसरीकडे ॲपलने स्वतःचे ड्रायव्हर द्यायला सुरुवात केली: एफटीडीआयसाठी २०१३ च्या मॅव्हरिक्समध्ये, सीएच३४० आणि सीपी२१०२ साठी पुढच्या काही आवृत्त्यांत. यातून एक मजेशीर अवस्था उद्भवली. जुना ड्रायव्हर न काढलेल्या मॅकवर एकच बोर्ड दोन नावांनी दिसू लागला, आणि त्यांतले एकच नाव धड चाले. नव्या मॅकवर आधी काहीही न बसवता बोर्ड जोडून पाहणे, हाच शहाणपणा.

पोर्ट शोधण्याची रूढ झालेली रीत साधी आहे. टर्मिनलमध्ये डेव्ह डिरेक्टरीतली ‘सीयू’ने सुरू होणारी नावे बोर्ड जोडण्याआधी पाहावीत, जोडल्यावर पुन्हा पाहावीत, जे नाव वाढले तो पोर्ट. ‘ब्लूटूथ-इनकमिंग-पोर्ट’ हे नाव यादीत बोर्डाविनाही असते, नव्या मॅकवर ‘डीबग-कन्सोल’ही असते, त्यांचा बोर्डाशी संबंध नाही. एकही नाव वाढले नाही, तर सिस्टिम इन्फर्मेशनमधली यूएसबीची यादी उघडावी. तिथे उत्पादक-क्रमांक दिसतो: ०४०३ म्हणजे एफटीडीआय, १ए८६ म्हणजे डब्ल्यूसीएच, १०सी४ म्हणजे सिलिकॉन लॅब्ज, २३४१ म्हणजे आर्डुइनो. इथे बोर्ड आहे पण पोर्ट नाही, तर दोष ड्रायव्हरचा. इथेही बोर्ड नाही, तर पहिला संशय केबलवर घ्यावा. चार्जिंगपुरत्या बनवलेल्या केबलमध्ये विजेच्या दोनच तारा असतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण माहितीच्या तारा नसल्याने मॅकला त्याची खबरच लागत नाही. लागलेला दिवा पाहून माणूस तासभर ड्रायव्हर शोधत बसतो.

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही वायफायची चिप २०१४ मध्ये हौशी लोकांच्या हाती आली. तिला नुसते रीसेट पुरत नाही. रीसेट होत असताना तिची शून्य क्रमांकाची पिन खाली ओढलेली असावी लागते, तरच ती प्रोग्रॅम घेण्याच्या अवस्थेत जाते. नोडएमसीयूसारख्या बोर्डांवर यासाठी दोन ट्रान्झिस्टर बसवले गेले, ते डीटीआर आणि आरटीएस या दोन्ही तारांनी चालवायचे. फ्रेड्रिक आल्बर्ग यांनी सुरू केलेला ईएसपीटूल हा प्रोग्रॅम या दोन तारा ठरावीक क्रमाने वर-खाली करून चिपला त्या अवस्थेत नेतो.

मायक्रोकंट्रोलरलाच यूएसबी बोलता येऊ लागले तेव्हा मधली चिप गेली आणि पोर्ट आणखी चंचल झाला. २०१२ च्या लिओनार्डो बोर्डात पोर्ट निर्माण करतो तो आत चाललेला प्रोग्रॅमच. तो बिघडला तर पोर्टही गायब. प्रोग्रॅम भरताना पोर्ट १२०० बॉडने उघडून बंद करायचा, हा त्याचा ठरलेला इशारा; त्यावर बोर्ड रीसेट होतो, यादीतले नाव जाते आणि बूटलोडरचा पोर्ट क्षणभराने प्रकट होतो, तोही काही सेकंदांपुरता. जानेवारी २०२१ च्या रास्पबेरी पाय पिकोने भरणीपुरता पोर्टच टाळला: बटण दाबून जोडल्यास तो मॅकवर डिस्क म्हणून उघडतो, फाइल तिच्यात टाकली की काम झाले. त्याच वर्षी क्रोम ब्राउझरच्या ८९ व्या आवृत्तीत वेब सिरियल आले आणि ब्राउझरमधूनच बोर्ड फ्लॅश करता येऊ लागला. ब्राउझर पोर्टची यादी समोर ठेवतो आणि माणूस त्यातला एक निवडतो. सफारीने ही सोय घेतली नाही.

२०२२ च्या व्हेंचुरापासून ॲपलच्या स्वतःच्या चिपांवर चालणारे मॅकबुक नव्या यूएसबी उपकरणासाठी आधी परवानगी विचारते. ती नाकारली तर केबल चांगली, ड्रायव्हर जागेवर, बोर्डाला वीजही मिळते. पण माहितीची वाट बंद राहते आणि ‘सीयू’च्या यादीत नवे नाव येत नाही. ही परवानगी कधी विचारायची, हे प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये ठरवता येते.